महानायकांचे चित्रकार: कौशल्य चित्रात पाहावे की पानात?

खजुरी_बाजार (इंदूर)

कॉमिक्समधला सर्पशक्तीचा महानायक नागराज रेखाटावा तो प्रताप मुळीक यांनीच, हे माझे मत गेल्या तीस वर्षांत बदललेले नाही. परवा माझ्या भाच्याशी यावरून बराच वेळ बोलणे झाले. तो जिम ली या अमेरिकी कॉमिक्स चित्रकाराच्या चित्रांचा चाहता आहे आणि त्याला मुळीक यांचा नागराज पुतळ्यासारखा उभा वाटतो. त्याचे म्हणणे मला मान्य नव्हते, परंतु त्याला उत्तर देताना मला नेमके शब्द सापडले नाहीत, म्हणून हा धागा काढत आहे.

इंदूरच्या मराठी घरांत वाढलेल्या आमच्या पिढीला महानायक भेटले ते हिंदीतून. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि हातात दिल्लीहून निघणारी राज कॉमिक्स, असे ते दिवस होते. १९८६ साली नागराज आला आणि पुढच्याच वर्षी अनुपम सिन्हा यांचा सुपर कमांडो ध्रुव आला. जूनमध्ये खजुरी बाजारात पाठ्यपुस्तके घ्यायला गेलो की वडील एखादा अंक विकत घेऊ देत. बाकीचे अंक गल्लीतल्या दुकानातून एका दिवसाच्या भाड्याने आणायचे. खिशात एकाच अंकाचे पैसे असत आणि निवड चुकून चालत नसे, त्यामुळे चित्रकाराचे नाव आधी वाचण्याची सवय मला त्या दुकानात लागली. मुळीक, अष्टपुत्रे, कदम अशी आपल्या घरातली वाटणारी आडनावे तिथे छापलेली पाहून जो आनंद होई, तो मी आजही विसरलेलो नाही.

आता मुद्द्याकडे येतो. मुळीक यांचा हात अमर चित्र कथेत पौराणिक आणि ऐतिहासिक व्यक्ती काढून तयार झालेला होता. त्यामुळे त्यांच्या नागराजाची मान, खांदे आणि छाती यांना वजन आहे. त्याच्या अंगावरचे खवले वर चढवलेल्या कपड्यासारखे न वाटता कातडीचाच भाग वाटतात. सिन्हा यांच्या चित्रांत मला घाई दिसते, चौकटी दाटीवाटीच्या वाटतात. परदेशी चित्रकारांतही मी याच कसोटीने अॅलेक्स रॉस आणि नील अॅडम्स यांना सर्वांत वर ठेवतो. जॅक किर्बी यांचा एवढा मोठा लौकिक कशामुळे आहे, हे मात्र मला कधीच उमगले नाही. त्यांची बोटे चौकोनी असतात, गुडघे चौकोनी असतात आणि दहा माणसांचा जबडा एकसारखा असतो. ज्यांना हे उमगले आहे त्यांनी कृपया समजावून सांगावे.

रेषा_शिकवणारी (इंदूर)

दादा, मी गेली बावीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवते, आणि आपण मांडलेली कसोटी मुलांची वही तपासताना मीही लावते. परंतु कॉमिक्सच्या चित्रकाराला ती पुरत नाही असे मला वाटते, कारण तो एक चित्र काढत नसून एक पान रचत असतो. वाचकाचा डोळा पहिल्या चौकटीत कोठे शिरतो, कोठे थांबतो आणि तिथून पुढच्या चौकटीत कसा उतरतो, हे सारे त्याला ठरवावे लागते. एकेक चौकट कापून भिंतीवर लावली तर सुंदर दिसेल आणि तरीही पान म्हणून ते फसलेले असेल, असे अनेकदा घडते.

स्टीव्ह डिटको यांचे उदाहरण घ्या. त्यांचा स्पायडर-मॅन काडीसारखा बारीक आहे आणि रॉस यांच्या चित्रांपुढे त्याची शरीररचना कोणी नावाजणार नाही. १९६६ च्या ३३व्या अंकात तो एका अवजड यंत्राखाली दबला गेला आहे, वरून पाणी गळत आहे, आणि मे काकूचा जीव वाचवणारे औषध त्याच्या समोर, पण हाताच्या पलीकडे पडले आहे. हा प्रसंग एका चौकटीतही संपवता आला असता. डिटको तो पानांमागून पाने लांबवतात. आरंभी चौकटी लहान आहेत आणि तो त्यांत कोंडलेला आहे. यंत्र बोटबोट वर सरकू लागते तशा चौकटी मोठ्या होत जातात आणि अखेरीस संपूर्ण पानभर एकच चित्र येते, ज्यात ते यंत्र त्याच्या खांद्यावरून फेकले गेलेले आहे. त्याचे बळ आपल्याला स्नायूंतून कळत नाही, चौकटीच्या वाढत्या आकारातून कळते.

आपण एक प्रयोग करून पाहावा, अशी विनंती आहे. आपल्या आवडीच्या अंकातील आठ-दहा पानांवरचे संवादाचे फुगे आणि निवेदन कागदाच्या तुकड्यांनी झाकावे, आणि ज्याने तो अंक वाचलेला नाही अशा माणसाला काय घडते आहे ते सांगायला लावावे. मी हा प्रयोग वर्गात करते. मुळीक आणि सिन्हा या दोघांवरही तो करावा आणि काय दिसले ते येथे प्रामाणिकपणे लिहावे.

तिसरा_मजला (इंदूर)

मामा, धाग्यात ज्या भाच्याचा उल्लेख आहे तो मीच. 'पुतळ्यासारखा' हा शब्द मी वापरला हे खरे आहे, परंतु त्यात अनादर नव्हता. राजवाड्याजवळ उभा असलेला पुतळाही मला आवडतो. मात्र तो पुढच्या क्षणी काय करील याची उत्सुकता मला वाटत नाही, एवढेच मला म्हणायचे होते.

जिम ली यांच्याबद्दल थोडे सांगतो. १९९१ मध्ये त्यांनी मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनसंस्थेसाठी रेखाटलेल्या एक्स-मेनच्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. एकाच अंकाला पाच निरनिराळी मुखपृष्ठे होती आणि त्यांतली चार शेजारी शेजारी ठेवली की एक सलग चित्र तयार होत असे, त्यामुळे संग्राहकांनी एकाच वेळी अनेक प्रती घेतल्या. म्हणून या आकड्यावरून मी गुणवत्ता सिद्ध करणार नाही. माझे प्रेम आहे ते त्यांच्या बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांवर. त्या रेषांमुळे धातू धातूसारखा आणि कापड कापडासारखे दिसते, आणि एका चौकटीत बारा पात्रे असली तरी प्रत्येक पात्र आपल्या उभे राहण्याच्या ढबीवरून ओळखू येते.

ताईंनी सांगितलेल्या कसोटीवर त्या काळातले सगळेच टिकणार नाहीत, हे मात्र मला कबूल केले पाहिजे. रॉब लायफेल्ड यांच्या पानांवर तर पावले धूर किंवा दगड यांच्या आड लपलेली असतात, आणि माणूस जमिनीवर उभा आहे की हवेत, हे कळत नाही. तरीही १९९२ मध्ये याच चित्रकारांपैकी सात जणांनी मार्व्हलचे काम सोडून इमेज कॉमिक्स ही स्वतःची संस्था उभारली आणि आपली पात्रे आपल्या मालकीची ठेवली. चित्रकाराच्या नावावर अंक विकला जातो, हे त्यांनी व्यवहारात करून दाखवले. मामांनी भाड्याच्या दुकानात नाव वाचून अंक निवडले, त्यातही हेच आहे.

लष्कर_ग्वाल्हेर

मी या सर्वांहून वयाने मोठा आहे आणि माझा महानायक वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, आहे. १९६४ च्या मार्चमध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाले ते त्याच्याच कथेने. आमच्याकडे हिंदी अंक येत, आणि पुण्याची आत्या सुट्टीत येताना मराठी अंक आणत असे, त्यामुळे एकच चित्र दोन भाषांत पाहण्याची मला सवय होती. साय बॅरी यांनी १९६१ पासून १९९४ पर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, वेताळ रेखाटला. त्यांची काळी शाई कशी पडते ते पाहावे: जंगल जवळजवळ पूर्ण काळे, आणि त्यातून पुढे आलेला घोड्याचा पांढरा चेहरा. वृत्तपत्रात रोज तीन-चार चौकटींची एक पट्टी देणाऱ्या चित्रकाराला लहानशा जागेत वातावरण उभे करावे लागते. शिवाय त्या पट्ट्या आपल्याकडे पुस्तकाच्या पानात बसवताना चौकटी कापल्या आणि हलवल्या जात. ताईंची पानरचनेची कसोटी त्यामुळे साय बॅरी यांना इंद्रजालवरून लावणे न्याय्य होणार नाही, कारण ते पान त्यांनी रचलेलेच नव्हते.

दुसरे नाव गोविंद ब्राह्मणिया यांचे. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये निर्माण केलेला बहादूर त्यांनी रेखाटला. बहादूर हा काही अलौकिक शक्तीचा नायक नव्हे. भगवा कुर्ता आणि जीन्स घातलेला, दरोडेखोराचा मुलगा असलेला तरुण तो. परंतु आम्ही चंबळच्या शेजारी राहणारी माणसे आहोत. पेपरात रोज ज्या दरोडेखोरांच्या बातम्या असत ते चित्रात पाहताना, आपल्या भागातल्या कथेलाही नायक मिळू शकतो हे पहिल्यांदा जाणवले. तेव्हा माझ्या मते चित्रकाराचे आणखी एक कौशल्य मोजावे: तो जागा ओळखीची करतो का?

बोरू (वडोदरा)

मी छपाईच्या व्यवसायात आहे आणि आवड म्हणून शाईकाम करतो. येथे सर्व जण 'चित्रकार' हा शब्द एकवचनी वापरत आहेत, त्यामुळे एक बाजू राहून जात आहे. अमेरिकी कॉमिक्समध्ये पेन्सिलीने रेखाटणारा एक, त्यावर शाई चढवणारा दुसरा आणि रंग ठरवणारा तिसरा अशी पद्धत रूढ आहे. किर्बी यांच्याबद्दल मत बनवण्यापूर्वी त्या अंकात शाई कोणाची आहे ते पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. किर्बींनी रेखाटलेल्या फँटॅस्टिक फोर या मार्व्हलच्या मालिकेच्या ४४व्या अंकापासून जो सिनॉट यांची शाई आली आणि त्याच किर्बींची रेषा घोटीव, उजळ आणि भरीव झाली. थॉरच्या अनेक अंकांना व्हिन्स कोलेटा यांची शाई आहे. त्यांच्या बारीक रेषांमुळे पानाला जुन्या कोरीव चित्राचा पोत येतो, परंतु वेळ वाचवण्यासाठी ते मागची माणसे आणि इमारतींचे तपशील खोडून टाकत, हे जगजाहीर आहे. पेन्सिलीत दहा माणसांची गर्दी होती आणि छापील पानावर तीन उरली, तर त्याचा दोष कोणाच्या खात्यावर मांडायचा?

राज कॉमिक्सबद्दलही हेच लक्षात ठेवावे. स्वस्त कागदावर शाई पसरते. बारीक रेषा एकमेकींत मिसळतात, आणि रंगाचा एक साचा केसभर सरकला तरी ओठांचा लाल रंग गालावर जातो. अशा कागदावर ठळक बाह्यरेषा काढणारा चित्रकार तरतो. मुळीक यांची जाड, खात्रीची बाह्यरेषा त्या छपाईतही शाबूत राहिली, हा त्यांचा मोठा गुण मी मानतो. सिन्हा यांच्या चित्रांत आपल्याला जी दाटी वाटते, तिच्यातला काही भाग छपाईचाही असू शकेल. नंतरच्या चांगल्या कागदावरच्या आवृत्त्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

रेषा_शिकवणारी (इंदूर)

बोरू, आपण हे लिहिले ते फार बरे झाले. मी त्याला जोडून किर्बींच्या चौकोनी बोटांकडे वळते.

दादा, आपण इंदूरचे आहात म्हणून आपल्याच गावातली गोष्ट सांगते. १९२७ मध्ये देवळालीकर गुरुजींनी येथे चित्रकला विद्यालय सुरू केले. बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर ही मंडळी त्यांच्या हाताखाली शिकलेली. त्यांना समोरचे जसेच्या तसे काढता येत होते. शिक्षणच तसे होते. तरीही हुसेन यांचा घोडा शरीरशास्त्राच्या पुस्तकातला घोडा नाही. त्याची मान अशक्य वळते, पाय हवे तितके लांबतात, आणि त्यामुळेच तो धावतो. किर्बींची बोटे मी याच नजरेने पाहते. त्यांच्या चित्रात मूठ वाचकाच्या दिशेने येते तेव्हा ती डोक्याहून मोठी होते, खांदा मागे खोल जातो, आणि कागद सपाट आहे हे क्षणभर विसरायला होते. गोल, नाजूक बोटांनी तो धक्का बसला नसता. शक्तीचे लोट दाखवण्यासाठी त्यांनी काळ्या ठिपक्यांचे जे पुंजके वापरले, त्यांना आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूसाठी खूण शोधून काढणे आणि ती पुढच्या सर्व चित्रकारांच्या वापरात जाणे, हे मी फार मोठे काम समजते.

शिवाय किर्बींच्या बाबतीत चित्रकार आणि कथाकार ही सीमाच पुसट होते. मार्व्हलच्या त्या काळच्या पद्धतीत लेखक-संपादक स्टॅन ली कथेची थोडक्यात रूपरेषा देत, चित्रकार प्रसंग आणि पाने स्वतः रचत असे, आणि संवाद मागाहून लिहिले जात. १९६६ मध्ये फँटॅस्टिक फोरच्या ४८व्या अंकात सिल्व्हर सर्फर हे पात्र अवतरले ते किर्बींनी स्वतःहून चित्रात घातले म्हणून. त्यांनी त्या मालिकेचे सलग १०२ अंक रेखाटले. इतके करून मूळ पाने परत मिळवण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे भांडावे लागले आणि १९८७ मध्ये त्यांतली काहीच हाती आली, हे वाचताना मला आजही वाईट वाटते.

खजुरी_बाजार (इंदूर)

ताई, हुसेन यांच्या घोड्याचे उदाहरण मनाला भिडले, आणि किर्बींबद्दल मी घाईने लिहिले हे मान्य करतो. मात्र रॉस यांच्याबद्दलचे माझे मत मी मागे घेत नाही. त्यांच्या वास्तववादी चित्रांना 'नुसते भिंतीवर लावण्याजोगे' म्हणणे अन्यायाचे होईल. १९९४ च्या 'मार्व्हल्स' या मालिकेत महानायक दिसतात ते एका सामान्य छायाचित्रकाराच्या नजरेतून, रस्त्यावरून मान वर करून. तिथे वास्तववादी रंगकाम ही हौस नसून कथेची गरज आहे, कारण आपल्या ओळखीच्या रस्त्यावरून असे कोणी उडत गेले तर काय वाटेल, हाच त्या कथेचा विषय आहे. १९९६ च्या किंग्डम कममध्ये ज्यांच्या डोळ्यांनी आपण सारे पाहतो त्या वृद्ध धर्मोपदेशकासाठी रॉस यांनी स्वतःच्या वडिलांना समोर बसवले होते, आणि ते वडील खरोखर धर्मोपदेशक होते. त्या चेहऱ्यावरचा थकवा कल्पनेतून आला नसता.

नील अॅडम्स यांच्याबद्दलही दोन शब्द. त्यांनी बॅटमॅनला पुन्हा रात्रीचा, लांब अंगरख्याचा आणि भीतीचा नायक केले, हे तर आहेच. परंतु सुपरमॅनचे जनक सीगल आणि शूस्टर यांनी १९३८ मध्ये ते पात्र अवघ्या १३० डॉलरला दिले होते, आणि म्हातारपणी त्यांची आबाळ होत असताना त्यांच्यासाठी जाहीरपणे उभे राहिले ते अॅडम्स. १९७५ मध्ये त्या दोघांना प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर आणि पात्राच्या श्रेयात नाव मिळाले. चित्रकाराच्या मोठेपणात मी हे धरतो.

तिसरा_मजला (इंदूर)

मामा, रॉस यांच्याबद्दल आपले म्हणणे मला पूर्ण पटले. मी एकच नाव जोडतो. डेव्ह गिबन्स यांनी १९८६ आणि १९८७ मध्ये वॉचमेनचे बारा अंक बहुतांशी नऊ सारख्या चौकटींच्या जाळीत रेखाटले. पाचव्या अंकात तर पहिले पान शेवटच्या पानाचे प्रतिबिंब आहे, दुसरे पान शेवटून दुसऱ्याचे, आणि मधली दोन पाने एकमेकांच्या आरशात पाहतात. त्यांची रेषा जिम ली यांच्यासारखी झगमगीत नाही, परंतु पानावर इतका ताबा असलेला चित्रकार मी दुसरा पाहिलेला नाही.

खजुरी_बाजार (इंदूर)

प्रयोग केला. आठ दिवस लागले, कारण फुगे झाकण्याइतके कागदाचे तुकडे कापणे हेच मोठे काम निघाले. वाचणारा म्हणून शेजारचा बारा वर्षांचा मुलगा बसवला, ज्याने यांतले काहीच पाहिलेले नव्हते.

ध्रुवाची पाने त्याने जवळजवळ न अडखळता सांगितली. मोटारसायकल कोणत्या भिंतीवर चढली, दोर कशाला अडकला, छप्पर किती उंचावर होते, खाली कोण उभे होते, हे सर्व त्याला कळले. मग माझ्या लक्षात आले की ध्रुवाजवळ अलौकिक बळ नाही. तो बुद्धीने, विज्ञानाच्या ज्ञानाने आणि सर्कशीत कमावलेल्या शरीराने सुटतो. ती सुटका पटायची असेल तर वस्तू कोठे आहे आणि किती अंतरावर आहे हे चित्रकाराला चोख दाखवावेच लागते. सिन्हा ध्रुवाच्या कथा स्वतः लिहीत, त्यामुळे युक्ती सुचतानाच तिची जागाही त्यांना दिसत असली पाहिजे. मी ज्याला दाटी म्हणत होतो ती त्या युक्तीच्या पायऱ्यांची दाटी आहे. एवढे सगळे मला पस्तीस वर्षांत दिसले नव्हते.

मुळीक यांच्या नागराजाच्या पानांवर तो मुलगा दोन ठिकाणी थांबला. तळघरातून बाहेर कधी आलो, हे त्याला कळले नाही. परंतु कोण कोणाला घाबरतो आहे, कोणाच्या मनात कपट आहे, हे त्याने प्रत्येक चौकटीत बरोबर सांगितले, आणि ध्रुवाच्या पानांवर हे त्याला तितके जमले नव्हते. नागराजाची शक्ती त्याच्या देहातून बाहेर पडते, साप त्याच्या अंगातून निघतात. तो देहच खोटा वाटला तर पुढचे काहीच खरे वाटणार नाही. मुळीक यांनी तो देह खरा केला. तेव्हा नागराज मुळीक यांचाच, हे माझे मत कायम आहे. ध्रुव मात्र त्यांनी काढला नाही हे बरेच झाले, असे आता वाटते.

एका चौकटीत नागराज पाठमोरा आहे. त्याचा चेहरा दिसत नाही, दिसतो तो समोरच्या माणसाचा हात, दाराच्या कडीवर गोठलेला. त्या चौकटीपाशी मुलाने मला विचारले, "काका, हा आत गेला का?" भाच्याला ही चौकट दाखवायला हवी होती.

बोरू, आता किर्बी पुन्हा वाचायला घेणार आहे. सिनॉट यांची शाई ४४व्या अंकापासून म्हणालात ना?

बोरू (वडोदरा)

होय, ४४पासून. ४८, ४९ आणि ५० हे तीन अंक मात्र एकाच बैठकीत वाचा, आणि पहिल्या वाचनात फुगे झाकूनच.